जुना अ‍ॅम्प : घ्यावा की सोडावा?



पत्रिकेत विषय छापलाय ‘गिटारचा जुना अ‍ॅम्प : खरेदी आणि दुरुस्ती’. मी खरेदीपाशीच अडकणार, हे आधीच सांगून ठेवतो. व्हॉल्व्ह कसा चालतो ते समजावत बसत नाही. पुढच्या रांगांतल्या मंडळींनी रेडिओ तापेपर्यंत बातम्यांची वाट पाहिलेली आहे. (हशा) त्यातल्या कित्येक रेडिओंत ईएल८४ असायचा. व्हॉक्सच्या एसी३० अ‍ॅम्पमध्ये तेच चार असतात. झाली ओळख.

माझं म्हणणं एवढंच. घ्यायचाच तर ठार बंद पडलेला अ‍ॅम्प घ्या. ‘चालतो हो, कधीकधी खरखरतो, थाप मारली की ठीक होतो,’ असं विकणारा म्हणाला, तर त्याचा चहा प्या आणि घरी या.

बंद अ‍ॅम्पमधला दोष जागा सोडत नाही. फ्यूज उडालाय? मग डायोड, आउटपुट व्हॉल्व्ह, फिल्टर कपॅसिटर यांपैकी कोणी तरी शॉर्ट असणार. मीटर लावला की सापडतो. अधूनमधूनचा दोष मात्र पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा, कारागिराच्या टेबलावर तासन्‌तास शहाणा! आणि मंडळी, खर्च होतो तो शोधण्याच्या वेळेचा. कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर मिळतो, वेळ मिळत नाही.

हां, ट्रान्सफॉर्मर शाबूत हवेत. मेन्सचा आणि आउटपुटचा. आउटपुटचा गेला असेल तर रिवाइंडिंगवाला गाठा, आणि मग हिशेब बिघडतो. परीक्षेला सिरीज बोर्ड न्या, आपल्या इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, पिवळ्या प्रकाशाचा जुना १०० वॉटचा बल्ब लावून. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख राहिला तर आत शॉर्ट. त्याआधी मागची पट्टी वाचा. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० वर लावलात, तर तुमच्या हातूनच तो ठार होईल. (हशा) आणि बंद अ‍ॅम्पच्या आतही हात घालू नका. वायर काढल्यावरही कपॅसिटर ४०० व्होल्ट धरून बसलेले असू शकतात.

आता एक गोष्ट, थोडक्यात. १९५१ साल. आइक टर्नरच्या बँडची मंडळी मिसिसिपीहून मेम्फिसला रेकॉर्डिंगला निघाली. वाटेत गिटारवादक विली किझार्टचा अ‍ॅम्प दुखावला. कोणी सांगतं गाडीवरून पडला, कोणी सांगतं पावसात भिजला. जो सांगतो तो शपथेवर सांगतो. सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत पोचल्यावर बघतात तर स्पीकरचा कोन फाटलेला. बदलणार कुठून? कागद कोंबला आणि वाजवलं. निघाला तो घोगरा आवाज सॅमला आवडला, त्यानं तसाच ठेवला. गाणं ‘रॉकेट ८८’. नाव लागलं गायक जॅकी ब्रेन्स्टनचं, आणि आइक टर्नरला ते पुढे बोचत राहिलं... पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पुष्कळ जण ‘रॉकेट ८८’ला पहिलं रॉक अँड रोल रेकॉर्ड म्हणतात.

चिठ्ठी आलीय. ‘मग तुमच्या न्यायानं तो अ‍ॅम्प घ्यायचा नव्हता का?’ अहो, घ्यायचाच होता! फाटका कोन प्रत्येक सुराला फाटकाच वाजतो. हजर राहणारा दोष आहे तो.

काय म्हणालात? मागच्या रांगेतले, जरा मोठ्यानं. बरोबर. एका लोकप्रिय ४० वॉटच्या अ‍ॅम्पमध्ये दोन रेझिस्टर इतके तापतात की त्यांचं सोल्डर तडकतं, आवाज येतो-जातो, आणि दुरुस्ती स्वस्तातली. पण जागा जगाला ठाऊक असलेल्या दोषाला मी अधूनमधूनचा म्हणतच नाही. (हशा) हसा. माझी व्याख्या आहे, मी ताणणार.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. किमतीचा भाग राहिलाच! पटकन सांगतो : बंद अ‍ॅम्प चालू होणार नाही असं धरून भाव करा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि पेटी यांचेच पैसे द्या. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. डिकीत अ‍ॅम्प घेऊन आलेले दोघे मघाशी भेटले होते, त्यांनी दाराशी थांबावं. सिरीज बोर्ड मी आणलाय.