ग्लँड किती आवळायचा?
(जुन्नर-आंबेगावच्या बैठकीतील भाषण)



भावावर आणि कर्जावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. मी पंपाच्या ग्लँडवर बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल, पण कुकडी, मीना, घोडेच्या काठी ज्यांची मोटर आहे त्यांच्या झोपेचा, कधी कधी जिवाचाही, हा विषय आहे.

माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे झाली. तरी आपल्यातल्या अनेकांच्या रानात पाणी आले ते पाटाने नव्हे, स्वतःच्या खर्चाने नदीतून उचलून. त्या पंपाचा दांडा जिथून आत शिरतो तिथे फट ठेवावीच लागते, कारण दांडा फिरायचा असतो. त्या फटीत ग्रॅफाइटची दोरी भरायची आणि ग्लँडचे नट आवळून ती दाबायची.

आपली खोड अशी, की थेंब दिसला की पाना उचलायचा. अहो, तो थेंबच दोरीला गार ठेवतो, तेच तिचे वंगण. थेंब बंद केला की दोरी जळते, दगडासारखी होते आणि दांड्यावर चरे पाडते. मग नवी दोरीही टिकत नाही. हिशेब करा. मिनिटाला 60 थेंब पडले तर 8 तासांत जातात जेमतेम दीड लिटर. पंप सेकंदाला 10 लिटर देत असेल तर तेवढ्याच वेळात तो 2 लाख 88 हजार लिटर उचलतो. दीड लिटरसाठी दांडा घालवायचा?

खरा चोर वेगळाच आहे. उन्हाळ्यात नदी खाली जाते, पंपाला ओढ जास्त पडते आणि झिजलेल्या ग्लँडमधून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पंप बंद असताना गळतो आणि चालू केला की गळणे थांबते, ही तिची खूण. आपण म्हणतो, पॅकिंग झकास बसले! थोड्या वेळाने पंप पाणी सोडतो आणि शिव्या खातो फूटव्हॉल्व्ह. पेटती उदबत्ती ग्लँडजवळ धरून बघा. धूर आत ओढला गेला तर चोर सापडला. काही पंपांना डिलिव्हरीकडून ग्लँडला पाणी देणारी बारीक नळी असते. हवेऐवजी पाणी आत जावे म्हणून ती दिलेली आहे. नळी तुटली म्हणून बोल्ट मारून भोक बुजवलेले पंप मी कितीतरी पाहिले.

रात्रीच्या पाळीत पंपाने पाणी सोडले की बॅटरी घेऊन उसातून नदीवर जावे लागते. बिबट्यांचे निवारा केंद्र माणिकडोहलाच आहे, तेव्हा उसात काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. घरी बसून ऑटोवर सोडले तर पंप कोरडा फिरतो आणि दोरी जळते. मेकॅनिकल सील असेल तर तेही कोरडे फिरून जाते. दिवसा वीज मिळालीच पाहिजे, त्या मागणीत तसूभर कमी करायचे नाही. पण वीतभर दोरीसाठी माणूस रात्री रानात का पाठवायचा?

दोरी भरताना जुनी सगळी उकरून काढा. एकच लांब तुकडा गुंडाळू नका. वेगवेगळ्या कड्या तिरक्या कापा आणि त्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. नट आधी बोटानेच लावा. पंप चालू करून सुरुवातीला गळू द्या, मग दोन्ही नट सारखे, थोडेथोडे आवळत थेंबावर आणा. अर्धा तास लागतो, लागू द्या.

आणखी एक गळती डोळ्यांना दिसतच नाही. इम्पेलरच्या तोंडाशी असलेली वेअर रिंग पुराच्या रेतीने झिजते आणि उचललेले पाणी पंपातल्या पंपातच फिरत राहते. दहावा हिस्सा असा फिरला तर 8 तासांत 28 हजार 800 लिटर गेले. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, म्हणून याकडे कोणी बघत नाही. पण विजेचे तास कुठे मोफत आहेत? ते मोजूनच मिळतात.

दिवाळी झाली, नदी निवळली की पंप उघडा. ज्यांच्या दांड्याला चरे पडले असतील त्यांनी पुढच्या बैठकीला तो पिशवीत घालून आणा, सगळ्यांना हात लावून बघू द्या.