पत्ता आपल्या नावावर असू द्या



आपल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या आज कुणालाही मोबाइलवर ऐकता येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून अधिक गावं धुंडाळून लाखावर ओव्या जमवल्या. त्यांच्यासोबत संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर नोंदवल्या. गाव कोणतं, गाणारी कोण, ओवी कशावरची, हे सगळं टिपलेलं होतं. म्हणूनच २०१७ साली 'पारी'ला, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाला, हा ठेवा आपल्या वेबसाइटवर मांडता आला.

असेच आपले आवाज जपायला परभणीत आता कुणी शेतीवर, कुणी कीर्तनावर, कुणी दखनी बोलीवर पॉडकास्ट करू पाहतंय. मला याचा मनापासून आनंद आहे. पण बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, फुकट कुठे टाकता येईल? मी उलट विचारतो, तिथून उद्या निघायचं झालं तर निघता येईल का?

पॉडकास्टचा आत्मा आहे फीड. प्रत्येक भागाचं नाव, तारीख आणि ऑडिओ फाइल कुठे आहे ते सांगणारी ही यादी एका ठरावीक वेब-पत्त्यावर असते. ॲपल पॉडकास्टसारखं ॲप ती यादी वाचतं, आणि आवाज मात्र तुमच्या होस्टिंगवरून, म्हणजे ऑडिओ फाइल जिथे ठेवली आहे त्या सेवेवरून येतो. म्हणजे ऐकणाऱ्याशी तुमचं नातं त्या पत्त्याने जोडलेलं असतं. शेत बटाईने द्यायला हरकत नाही, सातबारा मात्र आपल्याच नावावर हवा. फीडचंही तसंच आहे.

हे कोरडं तत्त्वज्ञान नाही. अँकर ही पॉडकास्टची फुकट सेवा २०१९ मध्ये स्पॉटिफायने विकत घेतली, २०२३ मध्ये तिचं नाव बदललं, २०२४ मध्ये पुन्हा बदललं. त्याच २०२४ मध्ये गूगलने आपलं पॉडकास्ट ॲप बंद केलं. ज्यांचं फीड स्वतःच्या हातात होतं त्यांचा कार्यक्रम बाकीच्या ॲपवर चालूच राहिला. म्हणून होस्टिंग घेण्याआधी विचारा: आम्ही गेलो तर जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवून द्याल का? खातं बंद झाल्यावर तो किती दिवस चालू ठेवाल? उत्तर गुळमुळीत आलं तर ती सेवा घेऊ नका. घर बदलताना प्रत्येक भागाचा ओळख-क्रमांकही तोच ठेवा, नाहीतर जुने भाग ऐकणाऱ्याच्या मोबाइलवर पुन्हा नवे म्हणून येतात.

आता ऐकणाऱ्याचा विचार करू. नुसतं बोलणं असेल तर ६४ केबीपीएस मोनो पुरतं. अर्ध्या तासाचा भाग १४ एमबीच्या आसपास बसतो. १२८ ला तोच २९ एमबी होतो. पालम-सोनपेठकडच्या रस्त्यावर रेंज येते-जाते. तिथे फाइल तुकड्यातुकड्याने देणारा सर्व्हर असेल तर डाउनलोड जिथे तुटलं तिथून पुढे चालू होतं. ओव्यांना किंवा पखवाजाच्या साथीला मात्र ६४ वर दाबू नका, आवाजाचा कस जातो.

साधनांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वेबसाइट वर्डप्रेसवर, स्वतःच्या डोमेनवर करा. पॉवरप्रेस किंवा सिरियसली सिंपल पॉडकास्टिंग हे प्लगइन तिथेच फीड तयार करतात. ऑडिओ मात्र स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ठेवू नका, ऐकणारे वाढले की ते अडखळतं. दर आठवड्याचा कार्यक्रम असेल तर पैसे देऊन खास पॉडकास्ट होस्टिंग घ्या. लोकसाहित्याचा संग्रह असेल तर इंटरनेट आर्काइव्ह विनामूल्य जागा देतं; पण तिथलं सगळं जगाला खुलं होतं, तेव्हा गाणारीची परवानगी आधी घ्या.

प्रत्येक भागाला वेगळं पान द्या आणि तिथे मजकूर मराठीत लिहा. गावाचं नाव, पिकाचं नाव लिहिलेलं असेल तरच शोधणाऱ्याला ते सापडेल. 'डॉट भारत' हा देवनागरी पत्ता २०१४ पासून मिळतो. तो हौसेने घ्या, पण काही फॉर्म तो स्वीकारत नाहीत म्हणून 'डॉट इन'ही जवळ असू द्या.

आणि एक कळकळीची विनंती. डोमेन एखाद्या उत्साही मुलाच्या खासगी ईमेलवर नोंदवू नका; तो नोकरीसाठी पुण्याला गेला की पासवर्डही जातो. संस्थेचा ईमेल वापरा, मूळ रेकॉर्डिंग दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या वहीत लिहून ठेवा.