कुत्रे भाकरीला तोंड लावीत नाही तेव्हा

परवा आमच्या कुत्र्याने भाकरी हुंगली नि तोंड फिरविले. दूध ओतले, तर भांडे चाटूनपुसून साफ! लाड आमचेच, दुसरे काय? अशा वेळी ठरल्या वेळेस भाकरी कुस्करून ठेवा आणि पंधरावीस मिनिटांनी भांडे उचला. पाणी राहू द्या. मधूनमधून पोरांनी तुकडे टाकू नयेत. (गुरुजी, एवढे वर्गात सांगाच.) धडधाकट मोठे कुत्रे एखादी वेळ रुसेल, मग मुकाट्याने खाईल.

परंतु आवडीचे हाडूकही नको, लाळ गळते, गिळवत नाही, असे दिसले तर घशात काही अडकले म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेले कुत्रेही असेच करते. त्याच्यापासून दूर राहा, गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. हाताला लाळ लागली असेल, तर साबणाने १५ मिनिटे धुवा नि लस घेण्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.