तिचं वय कोण ठरवणार?

(कल्याण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपल्यापैकी कितीजणींच्या आईची जन्मतारीख १ जून आहे? बरेच हात वर आले. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. घरात आपण यावर हसतो. पण भिवंडीच्या वस्तीतून पोलिसांनी सोडवून आणलेल्या मुलीच्या बाबतीत हसून चालत नाही.

ती म्हणते, 'मी एकोणीसची.' पुष्कळदा हे तिला पढवलेलं असतं. ती १८ च्या आतली ठरली, तर बालकल्याण समितीपुढे जाते, पॉक्सो कायदा लागतो आणि तिची 'संमती' होती का हा प्रश्नच उरत नाही. सज्ञान ठरली, तर हे संरक्षण जातं. त्यातून ती बांगलादेशातून आणलेली असेल, तर परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली तीच आरोपी होऊ शकते. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. म्हणून अशा मुलीला 'बालक' ठरणं हाच मोठा आधार.

'प्रेरणा' संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं की, मुलगी अल्पवयीन वाटली तर मॅजिस्ट्रेटने पहिल्याच संधीला वय तपासावं. कसं, ते २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ९४ सांगतं. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल, तरच हाडांची वैद्यकीय तपासणी.

मग ही तपासणी शेवटी का? १९८२ च्या जयमाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की क्ष-किरणाने काढलेलं वय दोन वर्षं इकडे किंवा तिकडे चुकू शकतं. मनगटाच्या हाडांचा जगभर वापरला जाणारा नकाशासंग्रह अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू मुलांवरून केलेला आहे. आपल्या मुली अर्धपोटी वाढलेल्या. कुपोषणाने हाडांची वाढ मागे पडते. युरोपात आश्रय मागणाऱ्या मुलांच्या वयावरूनही हाच वाद चालू आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं, की पॉक्सो खटल्यात वय फक्त हाडांवरून ठरत असेल तर वरचा आकडा धरा आणि त्यात दोन वर्षं मिळवा. अहवालात १६ ते १८ असेल, तर हिशेब २० चा. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. दाखला न शोधल्याची किंमत मुलगी मोजते.

म्हणून आपलं काम दाखल्यापासून सुरू होतं. तिच्याजवळ बसा, उलटतपासणी नको. कितवीपर्यंत शिकली, बाई कोण होत्या, पाठचा भाऊ केवढा, हे गप्पांतून कळतं. शाळेचा शोध लागला की जनरल रजिस्टरचा उतारा मागा आणि तारीख कशावरून लिहिली तेही विचारा. कागद मिळेपर्यंत मुदत मिळावी, असा लेखी अर्ज समितीकडे द्या. गावी किंवा सीमेपलीकडे निरोप धाडण्याआधी मात्र तिला विचारा. विकणारा घरातलाच असू शकतो. तपासणी करावीच लागली, तर काय करणार आहेत ते तिच्या भाषेत सांगा आणि सोबत थांबा. वय खोटं सांगायला कधीही शिकवू नका. एकदा खोटं उघड झालं, की तिच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

ठाणे, भिवंडी, कल्याण आणि डोंबिवली, प्रत्येक गटातून दोघींनी हे काम अंगावर घ्यावं. नावं आजच द्या.