टॉमी हास : पुन्हां पुन्हां परतलेला खेळाडू

ज्या श्रोत्यांना टेनिसची गोडी आहे, त्यांना बोरिस बेकरची ओळख करून द्यावी लागत नाहीं. त्याच्याच देशाच्या टॉमी हासची मात्र करून द्यावी लागेल. हासनें एकेरीच्या १५ स्पर्धा जिंकल्या. परंतु विम्बल्डनसारख्या चार प्रमुख स्पर्धांपैकीं एकीचाहि अंतिम सामना त्याच्या वांट्याला आला नाहीं. तरीहि १९९६ पासून २०१७ पर्यंत चाललेल्या त्याच्या कारकीर्दीचें मोल केवळ चषकांवरून ठरत नाहीं.

हासचा जन्म १९७८ सालीं हँबुर्ग येथें झाला. किशोरवयांतच तो फ्लोरिडांतील निक बोलेटिएरी यांच्या टेनिसशाळेंत दाखल झाला. त्याचा एकहाती बॅकहँड रसिकांच्या विशेष आवडीचा ठरला. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्यें येव्हगेनी काफेल्निकोव्हनें त्याला पांच सेटांत हरविलें व हासला रौप्यपदक मिळालें. मे २००२ मध्यें तो जागतिक क्रमवारींत दुसरा झाला. शिखर एकाच पावलावर होतें.

पण दैवाची गति निराळी! पुढच्याच महिन्यांत त्याचे आईवडील मोटारसायकलच्या भीषण अपघातांत सांपडले; वडील बेशुद्धावस्थेंत गेले. हासनें रॅकेट बाजूला ठेवली. त्या वर्षीं तो विम्बल्डनला गेला नाहीं. पाठोपाठ खांद्यानें दगा दिला; शस्त्रक्रिया झाली आणि २००३ चें सबंध वर्ष खेळाविना गेलें. पहिलें स्थान पुन्हां कधींच इतकें जवळ आलें नाहीं. तरी २००४ मध्यें तो परतला आणि ह्यूस्टन व लॉस एंजेलिस येथील स्पर्धा त्यानें जिंकल्या.

पुढें २००९ सालीं पॅरिस येथील फ्रेंच स्पर्धेंत त्यानें रॉजर फेडररविरुद्ध पहिले दोन सेट घेतले. तिसऱ्या सेटमध्यें फेडरर ३-४ असा मागें होता आणि सर्व्हिस गमावण्याच्या बेतांत होता. तो एक गुण मिळता, तर सामना संपविण्यासाठीं हासला स्वतःची सर्व्हिस तेवढी राखावयाची होती. फेडररनें जोरकस फोरहँड मारून तो गुण वांचविला, सामना फिरविला आणि पुढें ती स्पर्धाहि जिंकली. अशा पराभवानें भलेभले खचतात. हासनें मात्र कांहीं आठवड्यांतच हाले येथील अंतिम सामन्यांत आणि नंतर विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरींत नोव्हाक जोकोविचला नमविलें.

२०१० मध्यें खुब्याची शस्त्रक्रिया झाली व वर्षाहून अधिक काळ तो मैदानाबाहेर राहिला. परतल्यावर २०१२ सालीं, वयाला ३४ वर्षें पूर्ण झालीं असतां, त्यानें हाले येथेंच अंतिम सामन्यांत फेडररला हरविलें. २०१४ मध्यें खांदा पुन्हां दुखावला. पुन्हां शस्त्रक्रिया झाली. तरीहि २०१७ मध्यें, ३९ वर्षांचा असतां, स्टुटगार्ट येथें पराभव अवघ्या एका गुणावर आला असूनहि त्यानें फेडररवर मात केली. २०१८ सालीं त्यानें रीतसर निवृत्ति पत्करली.

पॅरिसमधला तो गुण हासला परत मिळाला नाहीं. मैदान मात्र त्यानें तीनदां परत मिळविलें.