चेस खेळून गणित सुधारतं का?

कुणी बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असेल, कुणी जेवता जेवता. आजचा विषय एका फोनमुळे सुचला.

गेल्या रविवारी संगमनेरहून मावशीचा फोन आला. "अरे, तू इंजिनिअर आहेस, खरं सांग. डोकं चालेल म्हणून याला दोन वर्षं चेसचा क्लास लावलाय. गणितात परत ३५च. बंद करू का?" मागून मावसभावाचा बारीक आवाज, "दादा, हो म्हणू नको ना!"

मी गप्पच झालो. कारण शाळेत मीही चेस खेळायचो. तालुका झाला, जिल्हा झाला, आणि घरचे म्हणायचे, पोरगं गणितात चमकणार. बीटेकच्या पहिल्याच वर्षी गणितात बॅक लागला! तेव्हा वाटलेलं, आपलंच डोकं कमी. म्हटलं, मावशी, दोन दिवस दे. मग वाचत बसलो.

१९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस (हो, आडनावच चेस!) आणि हर्बर्ट सायमन यांनी एक प्रयोग केला. खऱ्या डावातला पट फक्त ५ सेकंद दाखवायचा, मग आठवून मांडायला सांगायचं. मास्टरनं जवळपास १६ मोहरे बरोबर मांडले, नवशिक्यानं साधारण ४. मग तेच मोहरे कसेही विस्कटून ठेवले. आता मास्टरही नवशिक्याच्याच रांगेत! म्हणजे त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती. त्याची नजर तयार होती.

हे कसं? एसटीवरची 'संगमनेर–लोणी–राहुरी–अहिल्यानगर' ही पाटी तुम्ही गाडी हलताना पण वाचता. तीच अक्षरं उलटसुलट लावली तर? दोन-चार लक्षात राहतील. चेसचंही तसंच. किल्लेकोट केलेला राजा, पुढे तीन प्यादी, शेजारी हत्ती. नवशिक्याला हे पाच मोहरे, मास्टरला एकच 'शब्द'.

आणि हा बदल मेंदूतही दिसतो. जपानमध्ये शोगी नावाचा बुद्धिबळासारखा खेळ आहे. २०११ मध्ये तिथल्या व्यावसायिक खेळाडूंचे स्कॅन काढले. क्षणात चाल सुचताना त्यांच्या मेंदूतला कॉडेट न्यूक्लियस हा खोलवरचा भाग कामाला लागत होता. हौशी खेळाडूंत तसं दिसलं नाही. पुढच्या एका अभ्यासात नवशिक्यांना १५ आठवडे छोटा शोगी शिकवला, तर त्यांच्यातही तो भाग जागा व्हायला लागला. म्हणजे सरावानं मेंदू खरंच बदलतो.

पण गणिताचं काय? इंग्लंडमध्ये १०० शाळांत मोठी चाचणी झाली. काही शाळांत वर्षभर चेस शिकवलं, काहींत नाही. चेस संपल्यावर एक वर्षानं गणिताची परीक्षा घेतली. २०१६ मध्ये निकाल आला, फरक शून्य. मेंदू ज्याचा सराव करतो, त्यातच तयार होतो. आज कोड बघताच मला बग कुठे असेल ते जाणवतं, पण ते चेसमुळे नाही. पाच वर्षं कोड वाचल्यामुळे.

आपल्या नगर जिल्ह्याचा शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला. अशा बातम्या आल्या की घरोघरी पट निघतो. निघू दे की! पण पोराच्या आवडीकडून मार्कांचं भाडं का वसूल करायचं?

मावशीला फोन केला. "क्लास चालू ठेव, पण चेससाठी. गणितासाठी रोज अर्धा तास गणितच."

"म्हणजे आता दोन-दोन फिया?"

"नाही गं. गणित मी घेतो, व्हिडिओ कॉलवर."

तिकडे शांतता. मग मागून आवाज, "दादा, आधी गणित, मग एक डाव. चालेल?"

काल पहिला क्लास झाला. अपूर्णांकांत तो अडकला, डावात मी. चौदाव्या चालीला माझा वजीर गेला.

तुमच्या घरी कुणी असाच क्लास बंद करायला निघालं असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटू पुढच्या रविवारी. तोवर, खेळत राहा!