आरसा, घमेलं आणि साठ फुटी निलगिरी

आजचा भाग थोडा घरगुती आहे. विषय सपाट आरशाचा, पण सुरुवात एका वाळलेल्या झाडापासून करतो.

आमचं गाव कामथडी. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर ओलांडून कापूरहोळकडे निघालात की लागतं. तिथे आमच्या बांधावर एक निलगिरी होती, दोन वर्षांपासून वाळलेली. एका बाजूला विजेची तार, त्यामुळे तिकडे पाडता येईना. दुसऱ्या बाजूला आमचं भाताचं खाचर आणि त्याच्या पलीकडे शेजारच्या अण्णांचा गोठा. बुंध्यापासून गोठ्याची भिंत टेपने मोजली, ५२ फूट. झाड कलतंही नेमकं तिकडेच.

आबा म्हणाले, "चाळीस फूट असंल. खाचरात पडंल." अण्णा म्हणाले, "तुमचं चाळीस आन् माझ्या दोन गाई." दुसऱ्या दिवशी सकाळी झाड तोडणारे येणार होते.

मी पुण्याहून आलेला शहाणा. म्हटलं, आरसा द्या, आत्ता सांगतो.

युक्ती जुनी आहे. आरसा जमिनीवर आडवा ठेवायचा आणि त्यात झाडाचा शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचं. शेंड्याकडून आलेला किरण आरशावर ज्या कोनात पडतो त्याच कोनात उलटून आपल्या डोळ्यात येतो. शाळेत आपण पाठ केलं होतं, आपतन कोन आणि परावर्तन कोन समान. कॅरमवर स्ट्रायकर कडेला आपटून परत येतो तसंच साधारण. (साधारणच म्हणतो, कारण स्ट्रायकर गरगरतो, प्रकाशाला ती खोड नाही.) कोन सारखे म्हणजे दोन्हीकडचे काटकोन त्रिकोण एकाच घडणीचे, एक मोठा, एक छोटा. आपल्या डोळ्यांची उंची गुणिले झाड ते आरसा अंतर, भागिले आरसा ते आपण अंतर. झाली झाडाची उंची.

माझे डोळे जमिनीपासून ५ फुटांवर. आरसा बुंध्यापासून ३६ फुटांवर. शेंडा दिसला तेव्हा मी आरशापासून ३ फूट ९ इंचांवर. हिशेब केला, ४८ फूट. "आबा, बिनधास्त पाडा. गोठ्याला चार फूट राहतात." अण्णांचाही चेहरा जरा सैल झाला.

माझी पुतणी नववीत आहे. तिने हौसेने आरसा उचलला, पुसला, पुन्हा ठेवला आणि स्वतः मोजलं. तिचे डोळे साडेचार फुटांवर, अंतर आलं २ फूट ८ इंच. "काका, मला साठच्या वर येतंय."

मी आधी तिचा गुणाकार तपासला. (हे कबूल करतो.) गुणाकार बरोबर होता. मग मी आरसा ठेवला होता ती जागा पाहिली. खाचर सपाटच असतं, पाणी उभं राहावं म्हणूनच केलेलं, पण उन्हाळ्यात ढेकळं असतात. माझ्या आरशाच्या झाडाकडच्या कडेखाली एक ढेकूळ होतं, कड अर्धा इंच उचललेली. दहा इंचांच्या आरशाला अर्धा इंच म्हणजे जवळजवळ तीन अंश.

तीन अंशांनी एवढा फरक? हो, कारण दोन्ही कोन मोजायचे ते आरशाला लंब असलेल्या रेषेपासून, जिला पुस्तकात स्तंभिका म्हणतात. आरसा तीन अंश कलला की स्तंभिकाही तीन अंश कलते. एका बाजूचा कोन तीनने वाढला, म्हणून दुसऱ्या बाजूचाही तीनने वाढायला हवा. किरण वळतो सहा अंशांनी. कलणं एकपट, चूक दुप्पट. मी नऊ इंच जास्त मागे गेलो आणि झाड बारा फुटांनी बुटकं झालं.

मग कधीच न कलणारा आरसा कुठला? पाणी. आईने जुनं काळं पडलेलं घमेलं दिलं. काळंच बरं, चकचकीत परातीचा तळ मधे चमकत राहतो. संध्याकाळी वाऱ्याने पाणी हलत होतं, म्हणून पहाटे उजाडताच गेलो. पाणी जमिनीपासून चार इंच वर होतं, म्हणून मीही चार इंचांच्या दगडावर उभा राहिलो, म्हणजे डोळे पाण्यापासून बरोबर ५ फूट. अंतर आलं ३ फूट. साठ, वर ते चार इंच. एक सावधगिरी सांगतो: सूर्य झाडामागे असताना हे करू नका, तोही पाण्यातून सरळ डोळ्यात येतो.

ही पाण्याची युक्ती आपल्याकडे किती जुनी आहे पाहा. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये पाण्यातल्या प्रतिबिंबावरून उंची काढायची रीत दिली. पुढे ११५० साली भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त, गोलाध्यायातल्या यंत्राध्यायात, तिला आणखी धार लावली. त्यांनी स्वतःचं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं म्हणून सांगितलंय, आणि त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्यांच्या उदाहरणात वेळूच्या बुडाशी जायचीच गरज नाही. पाण्यात वेळूचा शेंडा एकदा उभं राहून पाहायचा, मग त्याच जागी बसून. दोन्ही वेळा पाण्यावरची जागा वेगळी येते, आणि त्या दोन अंतरांतून उंचीही निघते, वेळू किती लांब आहे तेही. मधे ओढा असला तरी अडत नाही. या भागाला ते 'धीयंत्र' म्हणतात, म्हणजे बुद्धी हेच यंत्र. माझ्याकडे त्या दिवशी यंत्र होतं, धी नव्हती.

तोडणारे आठला आले. मी आबांना सांगितलं, कालचा आकडा माझा चुकला. आबा काही बोलले नाहीत, पण अण्णांना हाक मारून गाई आमच्या अंगणात बांधायला लावल्या. झाड एका दमात पाडायचं रद्द केलं. दोर लावून आधी शेंडा उतरवला, मग मधला भाग, मग खोड. मजुरी दीडपट गेली, ती मी दिली.

दुपारी पुतणीने सगळे तुकडे टेप लावून मोजले, जमिनीत राहिलेल्या बुंध्यासकट. एकोणसाठ फूट. "तुझा साठ पण चुकलाच," असं मी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "करवतीचा भुसा मोजायचा राहिला, काका."

तुम्ही घमेलं घेऊन काही मोजलंत तर आकडे जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.